सातपूरच्या कारखान्यातला नॅस: एफटीपी शेअर, प्रोफाईल आणि कॉन्फिगरेशनची फाईल

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत आमचा मशिनिंगचा कारखाना आहे. ऑफिसात चार डिस्कचा नॅस आहे, म्हणजे जाळ्यावरून सगळ्यांना फाईली देणारा साठवणीचा डबा. ड्रॉइंग, बिले, सीएनसीचे (संगणकी नियंत्रणावर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्राम सगळे त्यावरच राहते. संगणकांवर एसएमबीने (विंडोजच्या फाईल-वाटपाच्या पद्धतीने) शेअर, म्हणजे नॅसवरचे सामायिक फोल्डर, जोडून दिलेत, ते व्यवस्थित चालते. डोकेदुखी आहे ती एफटीपीची, म्हणजे फाईल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीची, कारण एफटीपीशिवाय दुसरे काही न समजणारे गिऱ्हाईक वाढतच चालले आहे. दोन सीएनसी कंट्रोल प्रोग्राम एफटीपीनेच उचलतात. कॉपिअर स्कॅन एफटीपीने टाकतो. गेटवरचे कॅमेरे फोटो टाकतात. आणि कॉलेज रोडवरचे सीए बाहेरून बिले उतरवून घेतात.

आजवर जसजशी गरज पडली तसतसा एकेक यूजर आणि एकेक शेअर वाढत गेला. कोणाला लिहिता येते, कोणाला पुसता येते, हे एका जागी कुठेच दिसत नाही. नॅसच्या नव्या आवृत्तीत प्रोफाईलची सोय आहे: सेटिंगचा संच एकदा बनवायचा, त्याला नाव द्यायचे आणि गटाला लावायचा. यंत्र, स्कॅनर, कॅमेरा आणि बाहेरचे लोक अशी चार प्रोफाईल पुरावीत असे माझे मत आहे. माणसागणिक प्रोफाईल केले की पुन्हा तोच गुंता होणार. तुमचा अनुभव काय?

दुसरा प्रश्न. डबा जुना झालाय, आता नवीन घेतोय. कॉन्फिगरेशनची फाईल काढून नव्यावर चढवली की शेअर, यूजर, प्रोफाईल जसेच्या तसे येतात का?

टर्मिनल_वेडा
पहिल्या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न: एफटीपी हवाच कशाला? पासवर्ड तारेवरून उघडा जातो. त्याच जाळ्यात बसून कोणीही वायरशार्क (जाळ्यावरची वाहतूक वाचणारे सॉफ्टवेअर) लावला तर यूजर आणि पासवर्ड ओळीने वाचता येतात. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपी काढून टाकला. एसएफटीपी लावा, त्यात सगळे कुलूपबंद जाते, २२ नंबरचे एकच पोर्ट, विषय संपला.

सातपूर_शिफ्ट
@टर्मिनल_वेडा, भाऊ, व्हीएमसीच्या (उभ्या मिलिंग मशीनच्या) कंट्रोलला एसएफटीपी शिकवून दाखवा, मिसळ माझ्याकडून, ताकासकट.

आमच्याकडची मशीन दणकट आहेत, अजून कितीतरी वर्षे चालतील. त्यांच्या कंट्रोलमध्ये आयपी, यूजर, पासवर्ड आणि फोल्डर असे चारच रकाने आहेत. मशीन लाखोंचे आहे, प्रोटोकॉल जुना झाला म्हणून ते कोणी भंगारात काढत नाही. एफटीपी राहणारच. तो कुठपर्यंत पोचू द्यायचा एवढेच आपल्या हातात आहे.

टर्मिनल_वेडा
मान्य. मग यंत्रांसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच जाळ्यातला वेगळा कप्पा) करा, साधा एफटीपी त्या व्हीलॅनपुरता ठेवा, आणि राऊटरवर २१ नंबरचे पोर्ट बाहेरून अजिबात उघडू नका. सीएसाठी वेगळा रस्ता. यात तरी दुमत नसावे.

पंचवटीकर
अनुमोदन. बाय द वे, एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी लिहिला, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ११४, एप्रिल १९७१. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, पुढे एमआयटीत गेले. आज वापरात आहे तो आरएफसी ९५९, १९८५ चा. सातपूरमधल्या मशीनवर आजही त्याच आज्ञा चालतात याचे मला फार अप्रूप वाटते.

मेघा_द
@गोदाकाठ, चार प्रोफाईलची कल्पना चांगली आहे, पण नावे बदला. "स्कॅनर", "कॅमेरा" ही वस्तूंची नावे झाली. प्रोफाईल कामावरून पाडावे. स्कॅनर आणि कॅमेरा दोघे एकच काम करतात: फाईल टाकतात, परत वाचत नाहीत, पुसत नाहीत. म्हणजे दोघांना मिळून एक "फक्त जमा" प्रोफाईल. सीएनसी प्रोग्राम वाचतो, म्हणून "फक्त वाचन". ऑपरेटर मशीनवर सुधारलेला प्रोग्राम परत पाठवतो, त्यासाठी "परत" नावाचे वेगळे फोल्डर, त्याला पुन्हा "फक्त जमा". मूळ प्रोग्रामवर मशीनकडून काहीच लिहिले जाता कामा नये. तपासून झाला की प्रोग्रामरच तो मूळ जागी ठेवेल.

प्रोफाईलमध्ये मी काय ठरवते ते सांगते. लॉगिन झाल्यावर कुठे उतरायचे आणि त्याच्या वर चढता येऊ नये, म्हणजे क्रूट. नव्या फाईलचे युमास्क, म्हणजे तिच्यावरच्या कोणत्या परवानग्या काढून घ्यायच्या. एका वेळी किती जोडण्या. वेगाची मर्यादा. आणि आधीची फाईल त्याच नावाने झाकता येते की नाही. हे शेवटचे लोक विसरतात. पुसायची परवानगी काढली आणि झाकायची ठेवली, तर कोणीही रिकामी फाईल त्याच नावाने टाकून जुनी घालवू शकतो. प्रोएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमध्ये ओव्हरराईट मुळातच बंद असते, बाकी ठिकाणी बघून घ्या.

युमास्कचे एक उदाहरण. ०२२ असेल तर नवी फाईल ६४४ ची होते, म्हणजे गटातले बाकीचे वाचू शकतात पण बदलू शकत नाहीत. कॉपिअरने टाकलेले बिल अकाउंटवालीला दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवता येते पण त्याच्यात लिहिता येत नाही, आणि खापर फुटते नॅसवर. शेअर सगळ्या गटाचा असेल तर ००२ ठेवा, आणि फोल्डरवर सेटजीआयडी लावा म्हणजे नवी फाईल आपोआप त्याच गटाची होते.

सिडकोवाला
हे युमास्कचे प्रकरण मला आज कळले. आमच्या ऑफिसात रोज कोणीतरी ओरडतो "फाईल रीड ओन्ली येतेय". उद्या गेल्या गेल्या बघतो.

निफाडचा_बागाईतदार
आमचा विषय वेगळा आहे पण दुखणे तेच. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंगच्या प्रत्येक खोलीत तापमानाचा लॉगर आहे, तो ठरावीक वेळाने एक छोटी सीएसव्ही एफटीपीने टाकतो. सीझनभरात एका फोल्डरमध्ये इतक्या फाईली साठतात की फोल्डर उघडायला गेले की फाईलझिला (एफटीपीचा प्रोग्राम) यादीच आणत बसतो आणि शेवटी वेळ संपली म्हणतो. लॉगर बनवणाऱ्यांना विचारले तर ते नॅसकडे बोट दाखवतात.

मेघा_द
@निफाडचा_बागाईतदार, लॉगरमध्ये फोल्डरच्या नावात तारीख घालता येते का बघा. बऱ्याच लॉगरना येते, रोजचे फोल्डर रोज बनते. नसेल येत तर नॅसवर रात्री चालणारी छोटी स्क्रिप्ट लावा, कालच्या फाईली महिन्याच्या फोल्डरमध्ये सरकवेल. लॉगरला नवे फोल्डर बनवायचे असेल तर "फक्त जमा" प्रोफाईलमध्ये एमकेडी या आज्ञेला परवानगी लागेल. ती दिली तरी आरएमडी (फोल्डर पुसणे) आणि डीईएलई (फाईल पुसणे) बंदच ठेवा.

निफाडचा_बागाईतदार
ताई, तारखेचा रकाना सापडला. खूप आभार. बागेवर आलात तर थॉमसनची पेटी पक्की.

लेन्सवाली
मी वृत्तछायाचित्रकार आहे. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावरून कार्ड घेऊन माणूस पळवायचो. आता कॅमेऱ्यातच एफटीपी असतो, शटर दाबले की फोटो डेस्कवर. २०२७ ची तयारी म्हणून ऑफिसच्या नॅसवर प्रयोग चाललेत. त्यात एक गोष्ट सतत दिसते. गर्दीत मोबाईलचे जाळे कोंडते, फोटो अर्धा पोचतो, आणि डेस्कवरचे सॉफ्टवेअर फोल्डरवर नजर ठेवून असते ते तो अर्धाच उचलते. वर साधूंची मिरवणूक, खालचा अर्धा भाग सपाट करडा. प्रोफाईलमध्ये यावर काही इलाज आहे का?

जुना_वायरमन
आहे. सर्व्हर प्रोएफटीपीडी असेल तर हिडनस्टोअर्स चालू करा. फाईल येत असताना तिचे नाव टिंबाने सुरू होणारे तात्पुरते ठेवले जाते, पूर्ण आली की खरे नाव मिळते. नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला अर्धी फाईल दिसतच नाही. मात्र हे चालू असताना तुटलेली फाईल पुढून जोडता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते.

टर्मिनल_वेडा
मग रामकुंडावर त्याचा उपयोग काय? तिथे तर जोडणी तुटणारच. पुढून जोडण्याची सोय तिथेच सगळ्यात जास्त लागणार.

जुना_वायरमन
फोटो काही एमबीचा असतो, पुन्हा पाठवायला जड नाही. व्हिडिओ असता तर मी पण हिडनस्टोअर्स नको म्हटले असते. म्हणून दोन प्रोफाईल करावीत, "फोटो" ला हिडनस्टोअर्स, "व्हिडिओ" ला पुढून जोडणे. आणि कॅमेऱ्यात छोटा जेपीईजी पाठवायचे सेटिंग ठेवा, रॉ कार्डवरच राहू द्या.

आता @गोदाकाठ यांचा दुसरा प्रश्न, ज्याकडे अजून कोणी वळलेले नाही. कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये सेटिंग येते: यूजर, गट, शेअरची नावे, परवानग्या, सेवा. डेटा येत नाही. डेटा वेगळा न्यायचा आणि आधी न्यायचा, कारण सेटिंगमधला शेअर व्हॉल्यूमच्या (डिस्कांवरच्या साठवणीच्या भागाच्या) नावाला किंवा क्रमांकाला बांधलेला असतो. नव्या डब्यावर व्हॉल्यूम दुसऱ्या नावाने बनवला की शेअर लटकतो. फाईल जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर चढते, उलट चढवू नका.

डब्याच्या जातीप्रमाणे बारकावे बदलतात. ट्रूनॅसमध्ये कॉन्फिगरेशन म्हणजे एक डेटाबेस फाईल असते, आणि ती उतरवताना "सीक्रेट सीड" घ्यायचे का असा चौकोन असतो. त्यावर खूण करा. सीड नसेल तर साठवलेली काही गुपिते नव्या डिस्कवर उघडत नाहीत. मात्र सीडसकट फाईल म्हणजे तिजोरीची किल्ली झाली, ती कोणाला मेल करू नका. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये सगळे एका एक्सएमएल फाईलमध्ये असते, पण डिस्कचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) त्यातच लिहिलेले असतात, म्हणून नव्या डिस्कांवर ती आंधळेपणाने टाकून चालत नाही. आणि एका कंपनीची फाईल दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर चढत नाही, तिथे यूजर हाताने बनवणे आले.

हाताने बनवताना यूआयडी (यूजरचा क्रमांक) जुळवा. फाईलवर मालकाचे नाव नसते, आकडा असतो. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर पहिला नवा यूजर १०२६ पासून सुरू होतो, साध्या लिनक्सवर १००० पासून. नावे तीच ठेवली, आकडे बदलले, की लॉगिन होते पण फाईलला हात लावला की ५५० परवानगी नाही. लोक पासवर्ड बदलत बसतात. पासवर्डचा संबंधच नसतो, तो चुकला असता तर ५३० आले असते.

गोदाकाठ
@जुना_वायरमन काका, हे फार मोलाचे आहे. दोन्ही डबे एकाच कंपनीचे आहेत, त्यामुळे हाताने बनवणे वाचेल. @मेघा_द, कामावरून प्रोफाईल हे पटले, "फक्त जमा" आणि "फक्त वाचन" बनवली. राहिले सीए. त्यांचे म्हणणे, लिंक दाबली की उघडले पाहिजे, पूर्वी उघडायचे.

टर्मिनल_वेडा
पूर्वी ब्राउझर एफटीपी उघडायचा, आता नाही उघडत. त्यांना फाईलझिला किंवा विनएससीपी द्या आणि एसएफटीपी लावा. त्या प्रोफाईलमध्ये शेल (आज्ञा चालवायची सोय) बंद, फक्त बिलांचे फोल्डर, फक्त वाचन.

सिडकोवाला
एफटीपीएस (कुलूपबंद एफटीपी) का नको? आमच्या एका ग्राहकाचा आग्रह एफटीपीएसचाच आहे.

टर्मिनल_वेडा
चालतो, पण पोर्टची कटकट आहे. एफटीपीत आज्ञा एका जोडणीवर आणि फाईल दुसऱ्या जोडणीवर जाते. पॅसिव्ह मोडमध्ये सर्व्हर दर वेळी नवे पोर्ट सांगतो. साधा एफटीपी असेल तर राऊटर आज्ञा वाचून ते पोर्ट उघडून देऊ शकतो. एफटीपीएसमध्ये आज्ञाच कुलूपबंद, राऊटरला काही वाचता येत नाही. म्हणून नॅसवर पॅसिव्ह पोर्टची पट्टी ठरवून द्यायची, समजा ५०००० ते ५००५०, आणि तेवढीच राऊटरवर उघडायची. शिवाय पॅसिव्हच्या उत्तरात बाहेरचा आयपी जाईल असे सेटिंग करायचे. नाहीतर नॅस बाहेरच्याला १९२.१६८ ने सुरू होणारा घरचाच पत्ता देतो. लॉगिन होते आणि यादी येत नाही, ही तक्रार आली की दहातले नऊ वेळा हेच.

सातपूर_शिफ्ट
उलटेही होते. आमचा एक जुना कंट्रोल फक्त ॲक्टिव्ह मोड जाणतो. तिथे सर्व्हर २० नंबरच्या पोर्टवरून मशीनकडे परत जोडणी करतो. मशीन आणि नॅस एका व्हीलॅनमध्ये असतील तर प्रश्न नाही. मध्ये फायरवॉल आली की लिनक्सवाल्या फायरवॉलला एफटीपीचा हेल्पर (ही परतीची जोडणी ओळखणारा भाग) हाताने लावून द्यावा लागतो, ४.७ कर्नलपासून तो आपोआप लागत नाही. सोपा मार्ग म्हणजे नॅसचे एक लॅन पोर्ट सरळ यंत्रांच्या व्हीलॅनमध्ये द्यायचे. बहुतेक नॅसना दोन पोर्ट असतात, दुसरे रिकामेच पडलेले असते.

आणि ऑपरेटरला विचारून अजून एक बघा. प्रोग्राम बायनरी मोडमध्ये जातो की आस्की? आस्कीत ओळीच्या शेवटच्या खुणा बदलतात. व्हीएसएफटीपीडी हा सर्व्हर मुळात आस्की मान्य केल्याचे सांगतो पण फाईल जशीच्या तशी देतो. काही कंट्रोलना हे चालते, काही पहिल्याच ओळीला अलार्म देतात. प्रोग्रामची सुरुवात आणि शेवट टक्क्याच्या खुणेने होतो, ती शेवटची खूण मशीनवर दिसली म्हणजे फाईल पूर्ण आली. आमच्याकडे शिफ्ट बदलताना ऑपरेटर ती बघितल्याशिवाय सायकल स्टार्ट दाबत नाही.

पंचवटीकर
शेवटच्या परिच्छेदाला सलाम. हे मॅन्युअलमध्ये वाचून कळत नाही.

सिडकोवाला
@टर्मिनल_वेडा, राऊटरवर पोर्ट उघडून पाहिले, बाहेरून काहीच पोचत नाही. नॅसच्या लॉगमध्ये साधी खटखटसुद्धा नाही.

टर्मिनल_वेडा
राऊटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या जोडणीच्या) पानावरचा आयपी सांगा. पूर्ण नको, पहिले दोन आकडे.

सिडकोवाला
१००.७२

टर्मिनल_वेडा
मग कितीही पोर्ट उघडा, उपयोग नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची पट्टी इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या आतल्या वापराची आहे. एकच बाहेरचा आयपी पुष्कळ ग्राहकांत वाटलेला असतो. पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या किंवा व्हीपीएन (बाहेरून आत यायचा कुलूपबंद रस्ता) लावा. मी व्हीपीएन म्हणेन. वायरगार्ड किंवा टेलस्केल लावले की ग्राहक आत आला, मग नॅसचे कुठलेच पान जगाला दिसत नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठून फाईली कुलूपबंद केल्या होत्या. तेव्हापासून मी कोणाच्याही नॅसचे पोर्ट बाहेर उघडून देत नाही.

गोदाकाठ
बदली झाली, कळवतो. डेटा आधी नेला, व्हॉल्यूमचे नाव तेच ठेवले, मग कॉन्फिगरेशन चढवले. यूजर, गट, शेअर आले. प्रोफाईल आली पण एफटीपीची सेवा बंद अवस्थेत आली, ती हाताने चालू केली. नव्या डब्याला जुन्याचाच आयपी दिला, त्यामुळे कंट्रोलच्या रकान्यांना हात लावावा लागला नाही. सीए व्हीपीएनमधून एसएफटीपीने बिले घेतात, पहिल्यांदा फोनवर बसून लावून दिले.

एक गोष्ट अडली आहे. मी नवा बिलांचा शेअर एनक्रिप्टेड केला. अकाउंटवाली मराठीत लांबलचक नावे देते, "सातपूर गोदाम माल पावती दुरुस्तीनंतर अंतिम प्रत जून महिना" अशा थाटाची. त्यातल्या काही फाईली चढतच नाहीत. इंग्रजी नावाच्या त्याच लांबीच्या चढतात.

जुना_वायरमन
लिनक्सवर नावाची मर्यादा अक्षरांत नसते, बाइटमध्ये असते. साधारण फाईलसिस्टीमवर २५५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे साध्या शेअरवर ८५ चिन्हे. एनक्रिप्टेड शेअर ईक्रिप्टएफएसवर (लिनक्सच्या एनक्रिप्शनच्या एका पद्धतीवर) असेल तर नावही कुलूपबंद करावे लागते, म्हणून मर्यादा १४३ बाइटवर येते. देवनागरीत ४७ चिन्हे. मधल्या मोकळ्या जागा प्रत्येकी एकच बाइट घेतात, पण जोडाक्षरे भराभर खातात: "प्रत" दिसायला दोन अक्षरे, चिन्हे चार, बाइट १२.

मेघा_द
@गोदाकाठ, नाव छोटे करायला लावण्यापेक्षा अर्धे नाव फोल्डरवर टाका. मर्यादा प्रत्येक नावाला स्वतंत्र लागते, पूर्ण वाटेला एकत्र नाही. "सातपूर गोदाम" हे फोल्डर, त्यात "जून", त्यात "पावती अंतिम". आणि सीएच्या फाईलझिलामध्ये त्या साईटच्या सेटिंगमध्ये कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ करून द्या, नाहीतर त्यांना प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

गोदाकाठ
हे जमेल. आज संध्याकाळी जुन्या लांब नावांची यादी काढतो, ४७ च्या वरची तेवढीच बदलू.

लेन्सवाली
@जुना_वायरमन, हिडनस्टोअर्स लावून काल गोदाघाटावर फिरून चाचणी घेतली. डेस्कवर एकही करडा फोटो आला नाही. मात्र तुटलेल्या फोटोंच्या टिंबवाल्या फाईली सर्व्हरवर मागे राहिल्यात, त्या रोज साफ कराव्या लागतील का?

जुना_वायरमन
आधी आवृत्ती बघा. प्रोएफटीपीडीच्या बऱ्याच आवृत्त्यांत डिलीट-ॲबॉर्टेड-स्टोअर्स नावाची सोय आहे, ती चालू असली की जोडणी तुटल्यावर अर्धी फाईल सर्व्हर स्वतःच पुसतो. तुमच्याकडे बंद दिसतेय. ती चालू करा, आणि शिल्लक राहिलेल्या तेवढ्या एकदा हाताने काढून टाका. काढताना एक दिवसापेक्षा जुन्याच काढा, नाहीतर त्या क्षणी येत असलेला फोटोही जाईल.